बॅटरी संपायच्या आत

सकाळी ८:३०. भोसरीहून फोन. एका छोट्या जॉबशॉपमधल्या जुन्या व्हीएमसीच्या स्क्रीनवर ‘बॅट’ लुकलुकतंय. कंट्रोल फानुकचा, झीरो सिरीज. याचे पॅरामीटर बॅटरीच्या आधारानेच मेमरीत टिकतात. सेल पार उतरले की अक्षांच्या मर्यादा, बॅकलॅशची भरपाई, टूल चेंजरचे आकडे, सगळं पुसलं जातं आणि धडधाकट मशीन बंद पडतं. म्हणून आधी बॅकअप, मग नवे सेल. यूएसबी नाही, डेटा बाहेर काढायचा तो २५ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टमधूनच.

१०:४५. तपकीर गल्लीत दुकानं उघडली की लगेच खरेदी: एक २५ पिनी आणि एक ९ पिनी कनेक्टर, दोन हूड, शिल्डेड केबल.

११:३०. टेबलावर सोल्डरिंग. हे काम मला मनापासून आवडतं. तारा तीनच: पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड. दोन्ही टोकांना संगणक असले की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाला जोडायचं. लॅपटॉपच्या ९ पिनी बाजूला ३ नंबर बोलतो, २ नंबर ऐकतो. २५ पिनी बाजूला नेमकं उलट. त्यामुळे इथे २ ला २ आणि ३ ला ३ जोडूनही तारा आपोआप तिरप्या होतात. दोन्हीकडे २५ पिना असत्या, तर मात्र २ ला ३ जोडावा लागला असता. ग्राउंड ९ पिनीत पाचवा, २५ पिनीत सातवा. शंका आली तर मीटर लावावा: गप्प बसलेल्या पोर्टची बोलणारी पिन ग्राउंडच्या तुलनेत उणे व्होल्टेज दाखवते.

मग जंपर. मशीनच्या बाजूला ४-५ एकत्र, ६-८-२० एकत्र. लॅपटॉपच्या बाजूला ७-८ आणि १-४-६. त्या कंपनीत एक तयार केबल पडून होती, ती लावली की ०८६ अलार्म यायचा. कारण एवढंच, की समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल कंट्रोलला मिळत नव्हता. ६-८-२० च्या जंपरमुळे कंट्रोलला स्वतःचाच होकार परत मिळतो. थांब आणि पुढे चल हे निरोप डेटाच्याच तारेतून जातात. शिल्ड एकाच टोकाला जोडली.

१:१५. मल्टीमीटरने प्रत्येक पिन तपासली. हव्या तिथे बीप, इतरत्र शांतता. २५ नंबरची पिन रिकामीच हवी. या कंट्रोलवर तिथे २४ व्होल्ट असतात. सगळ्या पिना सरळ जोडलेली बाजारू केबल लावली तर लॅपटॉपचं पोर्ट जळू शकतं.

२:३०. भोसरी. ऑपरेटर म्हणाला, “दादा, मशीन चालू असतानाच लावा की, वेळ वाचेल.” मी ठाम नाही म्हटलं. ग्राउंडमधल्या फरकाने पोर्ट जातात. दोन्हीकडचा वीजपुरवठा बंद करूनच केबल लावली.

३:००. दोन्हीकडे सारखी सेटिंग: ४८०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. सुरुवातीचा बिट धरून एका अक्षराला ११ बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ४३६ अक्षरं. आधी लॅपटॉप घ्यायला बसवायचा, मग मशीनला पाठवायला सांगायचं. टक्क्याच्या चिन्हाने फाइल सुरू झाली, आकड्यांच्या ओळी उतरत गेल्या, शेवटी पुन्हा टक्का. पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम वेगवेगळे घेतले. पॅरामीटरच्या काही ओळी स्क्रीनशी पडताळल्या.

४:१५. कंट्रोल चालू ठेवूनच सेल बदलले. बंद करून बदलले असते तर मेमरी पुसली गेली असती. ‘बॅट’ गेलं.

५:००. मालकांना पेनड्राइव्ह दिला. जोडणीचा नकाशा पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला आणि केबलवर मार्करने मशीनचा नंबर लिहिला. शेजारच्या लेथचा कंट्रोलही त्याच वयाचा आहे. “त्याचाही बॅकअप घेऊन टाका, साहेब,” म्हटलं. मालकांनी पाळी संपायच्या आत तो मोकळा करून दिला.

६:१०. दोन्हीकडची वीज बंद करून तीच केबल लेथला लावली.