वेस ओलांडली की कायदा बदलला! अमेरिकेतल्या ऑनलाइन जुगाराचे १२ किस्से

अमेरिकेत ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे का? उत्तर देणारा आधी विचारेल, तुम्ही आत्ता कुठल्या राज्यात उभे आहात? न्यू जर्सीत घरच्या सोफ्यावर बसून मोबाइलवर रूलेट खेळता येतं. युटात साधं लॉटरीचं तिकीट विकत मिळत नाही. वॉशिंग्टन राज्यात तर ऑनलाइन जुगार हा २००६ पासून गंभीर गुन्हा आहे; कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे.

आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं आज तिकडे शिकतात, नोकऱ्या करतात. त्यांच्या फोनवर या अ‍ॅपच्या जाहिराती सतत आदळत असतात. म्हणून हे किस्से जरूर वाचा, आणि वाचताना एक गोष्ट टिपत चला : इथल्या जवळजवळ प्रत्येक कायद्याची नजर पैशाच्या वाटेवर असते. खेळणाऱ्या माणसाची पाळी फार उशिरा येते.

१. कायदा टेलिफोनचा, पकडला इंटरनेटवाला

१९६१ साली अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ‘वायर अ‍ॅक्ट’वर सही केली. या कायद्यामागे जोर लावला होता त्यांचे बंधू, अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी. टेलिफोन आणि तारेवरून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सट्टा फिरवणाऱ्या टोळ्यांच्या नाड्या आवळायच्या, हा हेतू. कायदा धंदा करणाऱ्या बुकीसाठी होता. हौसेने पैसे लावणाऱ्यासाठी नव्हता.

जवळपास चाळीस वर्षांनी हाच कायदा जे कोहेन यांना भोवला. सॅन फ्रान्सिस्कोतली शेअर बाजारातली नोकरी सोडून ते कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर गेले आणि तिथून अमेरिकनांसाठी खेळांवरच्या सट्ट्याची वेबसाइट चालवू लागले. खटला भरल्यावर लढण्यासाठी ते स्वतःहून मायदेशी परतले. २००० साली दोषी ठरले, २१ महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यांनी भोगली कुठे? लास व्हेगासजवळच्या तुरुंगात!

२. बंदरांच्या विधेयकातून आलेली बंदी

२००६ मध्ये अमेरिकी संसदेपुढे बंदरांच्या सुरक्षेचं विधेयक होतं. निवडणुकीची सुट्टी तोंडावर आलेली. शेवटच्या घटकेला त्या विधेयकाला एक प्रकरण जोडलं गेलं, ऑनलाइन जुगाराला लगाम घालणारं. बंदरांच्या सुरक्षेला विरोध कोण करणार? १३ ऑक्टोबर २००६ ला अध्यक्ष बुश यांची सही झाली आणि कायदा आला.

या कायद्याने खेळणाऱ्याला हात लावला नाही. त्याने बँका आणि पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांची वाट अडवली. फँटसी स्पोर्ट्सला मात्र काही अटींवर सूट दिली, आणि त्या सवलतीच्या आधारावर पुढे अवाढव्य कंपन्या उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडेही खेळाडूला शिक्षा ठेवली नाही; जाहिरातदार आणि बँकांचे व्यवहार मात्र कचाट्यात घेतले.

३. चिमुकल्या देशाने महासत्तेला हरवलं

अँटिग्वा आणि बार्बुडा या देशाची लोकसंख्या लाखाच्या आसपास. अमेरिकेच्या बंदीमुळे तिथले ऑनलाइन सट्ट्याचे रोजगार बुडू लागले. २००३ मध्ये हा देश थेट जागतिक व्यापार संघटनेत गेला. त्यांचा मुद्दा सरळ होता : अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर राज्याबाहेरून पैसे लावलेले चालतात, मग आमच्यावरच बंदी का?

संघटनेला मुद्दा पटला. २००७ मध्ये निवाडा आला, की भरपाई म्हणून अँटिग्वाला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत अमेरिकेचे कॉपीराइट आणि ट्रेडमार्क बाजूला ठेवता येतील. २०१३ मध्ये त्यावर अंतिम मंजुरीचा शिक्काही बसला.

४. पोकरचा काळा शुक्रवार

१५ एप्रिल २०११. अमेरिकेतल्या पोकर खेळाडूंनी संगणक उघडला, तर ओळखीच्या वेबसाइटच्या जागी सरकारी शिक्के! तीन मोठ्या पोकर कंपन्यांच्या मागे न्याय खातं लागलं होतं. आरोप असा की जुगाराचे पैसे दागिने आणि गोल्फचे चेंडू विकल्याच्या नावाखाली बँकांतून फिरवले गेले. जिथे जुगाराला अजिबात थारा नाही, त्या युटातल्या एका छोट्या बँकेचा उपाध्यक्षही आरोपींत होता.

खरा धक्का पुढेच होता. तिघांतल्या ‘फुल टिल्ट’ या कंपनीकडे खेळाडूंनी ठेवलेली रक्कम परत द्यायला पैसेच उरले नव्हते. २०१२ मध्ये तिघांतल्याच ‘पोकरस्टार्स’ने ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करून ‘फुल टिल्ट’ ताब्यात घेतली. तरीही अमेरिकन खेळाडूंना परतावा मिळायला सुरुवात झाली ती २०१४ मध्ये.

५. लॉटरीचा प्रश्न, कॅसिनोची सोय

न्यू यॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनी न्याय खात्याला विचारलं, आम्ही लॉटरीची तिकिटं इंटरनेटवर विकू का? डिसेंबर २०११ मध्ये उत्तर जाहीर झालं : वायर अ‍ॅक्ट फक्त खेळांवरच्या सट्ट्याला लागू आहे. विचारलं होतं लॉटरीचं, पण दार उघडलं पोकर आणि कॅसिनोलाही. २०१३ मध्ये नेवाडात ऑनलाइन पोकर सुरू झालं, त्याच वर्षी डेलावेअर आणि न्यू जर्सीत ऑनलाइन कॅसिनो.

सात वर्षांनी खात्याने मत फिरवलं. तेव्हा न्यू हॅम्पशरच्या लॉटरी आयोगाने सरकारला कोर्टात खेचलं आणि जानेवारी २०२१ मध्ये अपिलातही जिंकलं.

६. बास्केटबॉलपटूचा कायदा, त्याच्याच राज्याने मोडला

बिल ब्रॅडली हे न्यू यॉर्क निक्सचे नावाजलेले खेळाडू. पुढे ते न्यू जर्सीचे सिनेटर झाले. खेळावर सट्ट्याची सावली पडू नये, या तळमळीने त्यांनी १९९२ चा कायदा पुढे रेटला. राज्यांनी खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देऊ नये, असा तो कायदा. नेवाडासह चार राज्यांना जुन्या प्रथेपुरती सूट होती. न्यू जर्सीलाही एका वर्षाची मुदत मिळाली होती, ती त्या राज्याने वाया घालवली.

नंतर त्याच न्यू जर्सीने कित्येक वर्षं कोर्टात झुंज दिली. १४ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. राज्यांच्या विधिमंडळांनी काय करावं याचे हुकूम केंद्राने सोडू नयेत, हा त्या निकालाचा गाभा. महिन्याभरात गव्हर्नर फिल मर्फी यांनी राज्यातली पहिली कायदेशीर पैज लावली : फुटबॉलचा विश्वचषक जर्मनी जिंकणार! गतविजेता जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाला.

७. पुलापलीकडची पैज

अ‍ॅप कुठे चालेल हे फोनचं ठिकाण ठरवतं. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही. पैसे लावताना उभे कुठे आहात, एवढंच पाहिलं जातं. न्यू जर्सीत मोबाइलवर सट्टा सुरू झाला, पण नदीपलीकडच्या न्यू यॉर्कमध्ये नव्हता. मग न्यू यॉर्ककर सायकलने जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडायचे, पलीकडे थांबून पैसे लावायचे आणि माघारी फिरायचे.

शेजारच्या तिजोरीत जाणारा पैसा न्यू यॉर्कला सलू लागला. ८ जानेवारी २०२२ पासून तिथेही मोबाइल सट्टा सुरू झाला, आणि कंपन्यांच्या महसुलावर कर लावला तब्बल ५१ टक्के.

८. लास व्हेगासच्या राज्यात लॉटरीच नाही

नेवाडाने १९३१ मध्ये कॅसिनोंना मोकळं रान दिलं. पण सरकारी लॉटरी तिथे आजही नाही. राज्यघटनाच आड येते. मोठं बक्षीस जाहीर झालं की लास व्हेगासकर गाडी काढून कॅलिफोर्नियाच्या हद्दीवरच्या दुकानासमोर रांग लावतात. आणखी एक गंमत : मोबाइलवर सट्टा खेळायचा असेल तर नेवाडात आधी कॅसिनोत जाऊन ओळखपत्र दाखवावं लागतं.

टेनेसीत सगळं उलटं. राज्यात एकही कॅसिनो नाही, तरी नोव्हेंबर २०२० पासून सट्टा सुरू आहे, आणि तो फक्त ऑनलाइन. युटाचा बंदोबस्त सर्वांत पक्का. २०१२ मध्येच त्यांनी कायदा करून ठेवला : उद्या केंद्राने ऑनलाइन जुगार खुला केला, तरी आम्ही त्यात नाही.

९. माणूस मायामीत, पैज आदिवासी भूमीवर

फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूलनिवासी समाजाने २०२१ मध्ये राज्याशी करार केला. त्यातली कल्पना भन्नाट आहे. खेळणारा राज्यात कुठेही असो, सर्व्हर सेमिनोल भूमीवर आहे, म्हणून पैज तिथेच लागली असं धरायचं. विरोधक कोर्टात गेले, अ‍ॅप बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि फ्लोरिडातला मोबाइल सट्टा सेमिनोलांच्या हाती राहिला.

१०. राणी अ‍ॅनचा कायदा आणि ३० कोटी डॉलर

इंग्लंडमध्ये राणी अ‍ॅनच्या काळात, १७१० साली, एक कायदा झाला : जुगारात हरलेला पैसा दावा लावून परत मागता येईल, हरणारा गप्प बसला तर तिसरा कुणीही तिप्पट रकमेचा दावा लावू शकेल. त्या धर्तीचा कायदा केंटकी राज्यात टिकून होता. राज्य सरकार स्वतःच तो ‘तिसरा’ बनलं आणि पोकरस्टार्सवर दावा ठोकला. केंटकीतून कंपनीची कमाई होती १ कोटी ८० लाख डॉलर. कोर्टाने मात्र खेळाडू हरले त्या रकमेच्या तिप्पट धरून द्यायला लावले ८७ कोटी! व्याजासह आकडा १३० कोटींवर गेला. २०२१ मध्ये ३० कोटींवर तडजोड झाली.

११. बरोबरीत सुटलात? तरी कर भरा

२०२५ च्या केंद्रीय करकायद्याने एक नवा नियम आणला, २०२६ पासून लागू. जिंकलेल्या रकमेतून हरलेल्या रकमेची वजावट आता ९० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे वर्षात लाख डॉलर जिंकलात आणि लाख डॉलर हरलात, तर हाती शून्य. पण १० हजार डॉलर उत्पन्न धरून त्यावर कर.

इलिनॉयने जुलै २०२५ पासून कंपन्यांना प्रत्येक पैजेमागे कर लावला : वर्षातल्या पहिल्या २ कोटी पैजांवर २५ सेंट, त्यापुढे ५० सेंट. आणि केंद्र सरकार कायदेशीर सट्ट्यातल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे २५ सेंट घेतं. त्या कराची सुरुवात आहे १९५१ सालची.

१२. सट्टा म्हणा की सौदा?

सगळ्यात ताजा वाद भविष्यबाजाराचा. ‘कालशी’सारख्या कंपन्या म्हणतात, आम्ही पैजा घेत नाही, घटनांवरचे सौदे विकतो, आणि त्यावर देखरेख वायदेबाजाराच्या केंद्रीय आयोगाची. जानेवारी २०२५ पासून या कंपनीने खेळांच्या निकालांवरही सौदे सुरू केले. राज्यं संतापली. न्यू जर्सीतल्या केंद्रीय न्यायालयाने सुरुवातीला कंपनीला दिलासा दिला, मेरीलँडमधल्याने नाकारला. बहुतेक राज्यांत सट्ट्याला वय लागतं २१, इथे मात्र १८ पुरतं. अठरा वर्षांच्या पोराच्या हातून बाजी जाते ती कुठल्या नावाने, याने त्याच्या आईबापांना काय फरक पडतो?

आता हरणाऱ्याबद्दल

तार, बँक, सर्व्हर, तिजोरी. एवढे कायदे झाले, पण ज्याच्या घरातून पैसा निघतो त्याच्यासाठी काय? एक चांगली सोय आहे. मिझुरी राज्याने १९९६ मध्ये स्वयंबंदीची यादी सुरू केली : सवय सुटत नसेल तर स्वतःच नाव नोंदवायचं, मग कॅसिनोचं दार बंद. पुढे अनेक राज्यांनी ही वाट धरली आणि ऑनलाइन खेळही यादीत आणले. पण प्रत्येक राज्याची यादी वेगळी. देशभर लागू होणारी एक सरकारी यादी नाही. ज्याने एका राज्यात नाव नोंदवलं, त्याला शेजारच्या राज्यात अ‍ॅप पुन्हा आत घेऊ शकतं.

जानेवारी २०२४ मध्ये एक विधेयक आलं होतं : १९५१ पासूनच्या त्या केंद्रीय करातला निम्मा पैसा जुगाराच्या व्यसनावरच्या उपचारांना द्या. त्या संसदेच्या मुदतीत ते मंजूर झालं नाही. सट्ट्यातून कर घेणाऱ्या सरकारने त्यातला वाटा उपचारांना देणं ही मेहेरबानी नाही, कर्तव्य आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. तिकडे असलेल्या मुलाशी, भाच्याशी, मैत्रिणीशी या विषयावर मोकळेपणाने बोला. आवाज न चढवता, दोष न देता. आणि कुणी अडकलंच असेल, तर राहतो ते राज्य आणि रोज नोकरीला जातो ते राज्य, दोन्हीकडच्या यादीत नाव नोंदवायला त्याच्यासोबत बसा.