घोड्याची नजर आणि अवधूताचे गुरू

मायबाप सज्जनहो, दत्तजयंतीला तुम्ही सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येता. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरलेला असतो, लेकरं तिकडं धावतात. म्हणून आज घोड्याच्या डोळ्याविषयी चार शब्द.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडिलांचा हात सोडला आणि एका घोडीच्या मागून शेपटीला हात लावायला गेलो. लाथ मांडीवर बसली. वीतभर वर बसती, तर आज हे कीर्तन झालं नसतं. घोडीवाले बाबा म्हणाले, “पोरा, ती वाईट नाही. तिला तू दिसलाच नाहीस.”

बरं का, घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना असतात, बाहुली आडवी. मान न वळवता ३६० पैकी सुमारे ३५० अंश त्याला दिसतं. राहतं काय? शेपटीमागचा पट्टा आणि कपाळासमोरची अगदी जवळची जागा. आपण नेमके तिथंच जातो! मागून स्पर्श झाला की त्याला वाटतं, वाघच आला.

रात्री बैलाचे, मांजराचे, सातपुड्यातल्या बिबट्याचे डोळे चमकतात. त्यात भूतबीत काही नाही. डोळ्याच्या पडद्यामागं चकाकता थर असतो. आत गेलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणून अंधुकातही त्यांना दिसतं. तो थर आपल्याला नाही. बैल लाल रंगानं चवताळतो म्हणतात, पण त्याला लाल आपल्यासारखा दिसतच नाही. तो बिथरतो कापडाच्या फडफडीनं. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, तर देवानं त्याची मान २७० अंशांपर्यंत फिरती केली. ज्याला जेवढी गरज, तेवढी नजर.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं चोवीस गुरू सांगितले. त्यांत पतंग आहे. ज्योतीच्या रूपाला भुलतो आणि जळून जातो. डोळा आहे, विवेक नाही.

आणि आपण? घोड्याला मागचं दिसत नाही, आपल्याला आपलेच दोष दिसत नाहीत. सांगा, आंधळा पट्टा कुणाचा मोठा? मी त्या मुक्या जिवाला दुष्ट म्हणालो होतो. चूक माझी होती.

तेव्हा जत्रेत लेकराचा हात सोडू नका. घोड्याजवळ जायचं तर आधी मालकाला विचारा, मग आवाज देत, खांद्याच्या बाजूनं जा. आणि कुणावर रागावण्याआधी विचारा, मी याला दिसलो तरी होतो का?

बोला, श्रीगुरुदेव दत्त!