फॉरमॅट मारण्याआधी कॅबिनेट उघडून बघा

मागच्या एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, आमच्या घरचा कॉम्प्युटर रोज दुपारी अडीचच्या सुमारास बंद पडायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, व्हायरस आहे," आणि त्याने फॉरमॅट मारला. इनपेजमध्ये टाइप केलेल्या सातवीच्या उर्दू प्रश्नपत्रिका डेस्कटॉपवर होत्या, त्या गेल्या. डेस्कटॉपवरची फाइल सी ड्राइव्हमध्येच असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोन रात्री जागून सगळं पुन्हा टाइप केलं. अन् तिसऱ्या दिवशी अडीच वाजता मशीन परत बंद! व्हायरस काही घड्याळ बघून येत नाही.

म्हणून मंडळी, आधी मशीन कधी आणि कसं बंद पडतं ते आठवडाभर वहीत लिहा. अर्धं निदान तिथेच होतं.

काही न सांगता एकदम बंद पडत असेल आणि तेही तापल्यावर, तर दोष बहुधा उष्णतेचा. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. प्रोसेसर साधारण 100 अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. त्यात आपला देवळीचा इलाखा कापसाचा. आम्ही कॅबिनेट उघडलं तर पंख्याखालच्या पट्ट्यांवर रुई आणि धुळीचा नमदाच बसलेला. वायर काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने साफ करा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर नवी लावून घ्या. खर्च फार नाही.

कूलर किंवा मोटार सुरू होताच बंद पडत असेल तर व्होल्टेज, अर्थिंग आणि एसएमपीएस तपासा.

निळा पडदा येत असेल (विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत तो काळा झालाय) तर खाली लिहिलेल्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा. त्यात 'मेमरी' शब्द असेल तर आधी रॅमवर शंका घ्या. सर्चमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधून चालवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसली की कितीतरी मशीन सुरळीत होतात. शाळेत खोडरबराची काय कमी!

सॉफ्टवेअरचा दोष नसतोच असं नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन ठप्प झाल्या, आपल्याकडे काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तोही व्हायरस नव्हता. सर्चमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. कोणत्या तारखेला काय बसवलं आणि त्यानंतर लाल फुल्या कधीपासून सुरू झाल्या ते तिथे दिसतं. फुल्यांच्या आदल्या दिवशी बसवलेलं सॉफ्टवेअर आधी काढून बघा.

मशीन गोठत असेल आणि हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे काही करू नका. मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद, दाखले, लग्नाचे फोटो आधी पेनड्राइव्हवर घ्या. दुकानात गेल्यावरही पहिलं वाक्य हेच असू द्या: "भाऊ, आधी डेटा काढ, मग मशीनला हात लाव."

आमचं मशीन साफ केलं, पेस्ट बदलली. आता भर दुपारीही चालतं.