फुंकरीवर चालणारी होडी

मानेखाली काहीच हलत नाही, अशा बाईनं शिडाची होडी हाकायची? ऐकूनच आपण ‘अगंबाई!’ म्हणू. पण इंग्लंडच्या हिलरी लिस्टरनं ऑगस्ट २००५ मध्ये डोव्हरहून निघून इंग्लिश खाडी एकटीनं पार केली. सोबतीची बोट होती, पण सुकाणू तिचंच! तोंडाशी नळ्या. त्यांत फुंकायचं किंवा हवा ओढायची, की त्याप्रमाणे यंत्र सुकाणू वळवी, शिडाचे दोर ओढी. २००९ मध्ये तिनं ब्रिटनला सागरी प्रदक्षिणाही घातली. २०१८ मध्ये ती वारली.

मैत्रिणींनो, घरातल्या अपंग मुलाला आपण मायेपोटीच म्हणतो, ‘राहू दे, तुला नाही जमायचं.’ त्याऐवजी ‘तुझ्यासाठी काय सोय करू?’ असं विचारून पाहू या ना!