घरकुलाची प्रतीक्षायादी : वणी तालुका

कुडाच्या भिंती आणि गळकी कवेलू यांच्या आसऱ्याला राहून, आधार कार्ड, पासबुक, जॉबकार्ड व गाव नमुना ८-अ चा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत जपत पंचायत समितीच्या कचेरीत येणाऱ्या कुटुंबाने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात क्रम ठरतो तो अर्जाच्या तारखेवरून नव्हे, तर २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून व पुढील ‘आवास प्लस’ नोंदींवरून तयार होऊन ग्रामसभेने तपासलेल्या यादीवरून. केंद्राने सपाट प्रदेशासाठी ठरविलेले १,२०,००० रुपयांचे साहाय्य बांधकाम सरकेल तसे हप्त्याहप्त्याने खात्यात जमा होते. रोजगार हमीतील मजुरी निराळी. अनुसूचित जातींसाठी रमाई व जमातींसाठी शबरी योजना आहे. आणि या भागातील कोलाम बांधवांसाठी २०२३ च्या ‘पीएम-जनमन’ मध्ये घरामागे २ लाखांची तरतूद झाली, हे उशिरा का होईना, न्याय्यच झाले. जागाच नसलेल्याची अडचण सर्वांत बिकट. त्याने दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेची चौकशी करावी. यादीतून नाव गळाले असल्यास तोंडी गाऱ्हाण्यावर न थांबता ग्रामसभेत लेखी हरकत रुजू करावी, आणि तिची पोच घेतल्यावाचून परतू नये.