लहान मोटारीचे इंजिन व बेताच्या खर्चातील सुधारणा

दुकानाचा माल, घरातील लग्नकार्ये आणि यात्रा यांचा भार वर्षानुवर्षे वाहिलेली लहान मोटार आपल्या काही व्यापारी बंधूंच्या दारात आजही उभी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातील 1089 घन सेंटिमीटरची पद्मिनी आणि 1983 साली रस्त्यावर आलेली 796 घन सेंटिमीटरची मारुती 800 या दोन गाड्यांनी असंख्य कुटुंबांना पहिली मोटार दिली. दोहोंचे उत्पादन आता बंद झाले आहे. डिचोलीहून साखळीमार्गे चोर्ल्याचा घाट, अथवा पेडण्याहून सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढताना अशी गाडी धापा टाकू लागली, की भारी सुटे भाग घालून तिची शक्ती वाढवावी काय, असा प्रश्न मालकासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर जमाखर्च मांडूनच शोधावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या गाडीची शक्ती कमी पडते ती बहुधा मूळ रचनेतील उणिवेमुळे नव्हे, तर झिजेमुळे. म्हणून पहिला पैसा तपासणीवर खर्चावा. गरम इंजिनाचे सर्व प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरमधील दाब गेजने मोजावा. एखाद्या सिलिंडरचा दाब उतरलेला आढळल्यास त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा अथवा सिलिंडर झिजले आहेत, असे समजावे. न वाढल्यास दोष व्हॉल्व्हमध्ये असण्याचा संभव अधिक. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरला असेल, तर हेड गॅस्केट पाहावी. एवढ्या परीक्षेने अनावश्यक खरेदी टळते.

दुसरा खर्च इंजिनाच्या श्वासोच्छ्वासावर करावा. खनिजमार्गावरील तांबड्या धुळीने एअर फिल्टर लवकर कोंदतो, तर समुद्राच्या खाऱ्या हवेने सायलेन्सर गंजतो. नवा कागदी फिल्टर, योग्य अंतराचे प्लग, व्हॉल्व्हची नीट बसविलेली फट आणि स्वच्छ कार्ब्युरेटर यांनी गेलेली शक्ती बऱ्याच अंशी परत मिळते. शक्ती वाढते म्हणून विकले जाणारे विरळ जाळीचे फिल्टर आपल्या धुळीत घालू नयेत. आत गेलेला कण सिलिंडर घासतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील पडदे खराब होण्याची भीती असते. ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणे, ही या काळातील सर्वांत स्वस्त व सर्वांत निकडीची सुधारणा होय.

तिसरा आणि मोठा खर्च बोअरिंगचा. बोअर वाढविला की गाडी मोठी झाली, असा समज आहे. त्याचा हिशेब करून पाहू. मारुती 800 च्या सिलिंडरचा व्यास 68.5 मिलिमीटर व पिस्टनची धाव 72 मिलिमीटर. व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढविल्यास तीन सिलिंडरांचे एकूण आकारमान 796 वरून सुमारे 808 घन सेंटिमीटर होते. म्हणजे वाढ अवघी दीड टक्का. बोअरिंगनंतर गाडी जोमाने चालते ती या वाढीमुळे नव्हे, तर नव्या रिंगांनी दाब पुन्हा धरून ठेवल्यामुळे. म्हणून सिलिंडर मापात असल्यास बोअरिंगचा खर्च करू नये. हेड घासून दाब वाढविण्याच्या मोहातही पडू नये. प्रमाण चुकल्यास इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन फुटण्यापर्यंत पाळी येते.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. इंजिन बदलावयाचे असल्यास वाहतूक कार्यालयाची परवानगी व नोंद आधी पाहावी. अन्यथा अपघातप्रसंगी विम्याचा दावा अडचणीत येण्याचा धोका असतो.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. घाट चढण्याची शक्ती विकत घेणाऱ्याने घाट उतरण्याचीही तरतूद केली पाहिजे. रेडिएटर, पाण्याचा पंप, ब्रेक व टायर यांसाठी लागणारी रक्कम प्रथम बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशातून इंजिनाचा विचार करावा. गाडीत आपली मुलेबाळे बसतात. त्यांचा सुखरूप प्रवास हाच या व्यवहारातील खरा नफा होय.