एव्हरेस्टच्या पायथ्याचे सांडपाणी

एव्हरेस्टवरच्या कचऱ्याची बातमी दर मोसमात येते. रिकामे ऑक्सिजन सिलिंडर, वाऱ्याने फाडलेले तंबू, आणि शेवटी किती टन कचरा खाली आणला त्याचा आकडा. हे काम दिखाऊ आहे असे मुळीच नाही. सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती ही स्थानिक संस्था १९९१ पासून ते करते आहे, आणि प्रत्येक गिर्यारोहकाने आठ किलो कचरा खाली आणावा असा नियम नेपाळने २०१४ मध्ये केला. पण तराजूत घालता येते तेवढेच मोजले जाते. एव्हरेस्टच्या परिसरातल्या सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाला अधिक जाचणारी गोष्ट ओढ्यांतून वाहते आणि जमिनीत मुरते, म्हणून ती छायाचित्रात येत नाही.

हे उद्यान १९७६ साली झाले आणि तीन वर्षांनी जागतिक वारसा ठरले. तिथली शेर्पांची गावे त्याच्या कितीतरी आधीची. या गावांतले जुने संडास कोरडे असत: वर फळ्या, खाली बंद जागा, आणि दर वेळी वरून टाकायला जंगलातला सुका पालापाचोळा. त्याचे खत होई आणि ते बटाट्याच्या शेतात जाई. पुढे ट्रेकिंग वाढले. एके काळी वर्षाला काही हजार येणारे पाहुणे करोनापूर्वी ५० हजारांच्या वर गेले. त्यांना फ्लशचा संडास आणि गरम पाण्याचा शॉवर हवा होता. लॉजवाल्यांनी दोन्ही दिले. धंद्याच्या हिशेबाने त्यांचे काहीच चुकले नाही. मात्र फ्लशच्या त्या एका बदलाने खताचे सांडपाणी झाले. शेतात जाणारे नत्र ओढ्याच्या वाटेला लागले, आणि ज्या झऱ्यांत नागदेवतांचा वास मानून शेर्पा घाण होऊ देत नसत, त्यांच्याच वरच्या अंगाला शोषखड्डे आले.

मैदानातला शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी चालते ती जिवाणूंच्या जोरावर. तापमान दहा अंशांनी उतरले की त्यांचे काम साधारण निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली. नामचे बाजार ३,४४० मीटरवर आहे आणि बेस कॅम्पच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम, गोरक्षेप, ५,१०० मीटरच्याही वर. तिथे मैला फारसा कुजत नाही, साठत जातो. त्यात जमीन हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांची. पाणी तिच्यातून नीट गाळले न जाताच निसटते. बेस कॅम्पवरचा मैला पिंपांत भरतात खरा, पण ती पिंपे पाठीवर वाहून भरिया (हमाल) गोरक्षेपच्या परिसरातल्या उघड्या खड्ड्यांतच रिकामी करत आले आहेत. उद्यानातल्या पाण्याच्या तपासण्यांत विष्ठेतले जिवाणू आढळले आहेत. परिणामी पाहुणे झऱ्याच्या पाण्यावर विसंबत नाहीत, प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेतात, आणि त्या बाटल्या पुन्हा टनांच्या हिशेबात येतात. पाणी उकळणे पुरते (एवढ्या उंचीवर ते ८३ अंशांच्या आसपासच उकळते, तरी जंतू मारायला तेवढे बस होते), पण त्याला इंधन लागते आणि ते खालून आणावे लागते.

यावर म्हटले जाते की इथून वाहणारी दूधकोसी मोठी नदी आहे, एवढी घाण तिच्यात सहज विरून जाईल. पावसाळ्यात, नदी दुथडी भरून वाहते तेव्हा, हे बरेचसे खरेही असेल. पण ट्रेकिंगचे मोसम दोन: मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एक पावसाच्या आधीचा, दुसरा पाणी ओसरू लागल्यानंतरचा. माणसे जास्त असतात तेव्हाच घाण पातळ करणारे पाणी कमी असते. शिवाय गावे पितात ते आजूबाजूचे झरे आणि छोटे ओढे. दूधकोसी त्यांच्या कितीतरी खाली वाहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हिमनद्या वितळत आहेत, याच भागातले इमजा हे हिमनदीचे सरोवर फुटू नये म्हणून २०१६ मध्ये त्याची पातळी तीन मीटरहून अधिक उतरवावी लागली. अशा वेळी संडासांची चर्चा किती करायची? हवामान इथल्या लॉजवाल्यांच्या हातात नाही, हे मान्य. पण बर्फावर पोसलेले झरे आटू लागले तर तेवढीच घाण आणखी थोड्या पाण्यात मिसळेल. म्हणजे हवामान बदलाकडे बोट दाखवल्याने सांडपाण्याचा प्रश्न मागे पडत नाही, उलट त्याची निकड वाढते.

ट्रेकिंग बंद करा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तिबेटशी चालणारा जुना व्यापार मोडल्यावर या खोऱ्याला पोटापाण्याचे दुसरे मोठे साधन मिळाले ते हेच. जुन्या संडासांकडे जसेच्या तसे परतणेही जमणार नाही, कारण एवढ्या पाहुण्यांना पुरेल इतका पालापाचोळा ओरबाडला तर जंगलाची माती उघडी पडेल. २०२४ पासून बेस कॅम्पच्या वर चढणाऱ्यांना आपली विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. नियम चांगला आहे, पण तो मोजक्या गिर्यारोहकांपुरता, आणि पिशवी खाली आल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. गोरक्षेपला सौर ऊर्जेने ऊब देऊन चालवायच्या बायोगॅस टाकीचा आराखडा आहे. जिवाणूंना थंडीच नडत असेल तर उपाय उष्णतेचाच हवा, हे त्यातले तर्कशास्त्र बरोबर आहे. त्याच्या जोडीला वरच्या मुक्कामांवर फ्लश बंद करून मैला खाली उतरवणे आणि त्याचा खर्च उद्यानाच्या प्रवेशशुल्कातून काढणे एवढे तरी करता येईल. मग पुण्या-मुंबईहून बेस कॅम्पला निघालेल्या गटांनाही पाच हजार मीटरवर कोरडा संडास वापरावा लागेल.